पिंपाचें काय करावें?

जुन्या वस्तूंच्या उपयोगाविषयीं या सदरांत आम्ही वेळोवेळीं लिहीत आलों आहों. फाटक्या लुगड्यांची गोधडी, डालड्याच्या डब्यांतली तुळस, रॉकेलच्या डब्याची शेगडी, हे विषय आमच्या वाचकांस नवे नाहींत. परंतु या खेपेस ज्या वस्तूविषयीं लिहावयाचें आहे, तिचें नांव ऐकूनच कांहीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. ती वस्तु म्हणजे बिअरचें रिकामें, धातूचें पिंप. आठ्या पडल्या तरी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंति.

राजोडी हें वसई-विरारच्या पश्चिम किनाऱ्यावरील गांव. नालासोपाऱ्यास आगगाडींतून उतरून पश्चिमेची वाट धरली, कीं उंच इमारतींची दाटी हळूहळू विरळ होते, केळी-नारळीच्या वाड्या लागतात, त्यापुढें सुरूंची रांग आणि तिच्यापलीकडे समुद्र. या गांवीं आमच्या एका स्नेह्यांचें कौलारू घर आहे. तिघे भाऊ, त्यांचीं बायकामुलें आणि शहाऐंशी वर्षांच्या मातोश्री, असें चौदा माणसांचें कुटुंब तेथें एका चुलीवर जेवतें. हल्लीं हें दृश्य दुर्मिळ झालें आहे, म्हणून वर्षांतून एकदां तरी आम्ही तेथें जातोंच. गेल्या मार्गशीर्षांत गेलों, तेव्हां मागील दारीं विहिरीच्या कठड्यापाशीं एक चकचकीत पिंप उभें होतें. पोट फुगीर, वर-खालीं धरावयास कडीं, माथ्यावर मधोमध एक झडप आणि एका कुशीला मोठा पोचा. धाकट्या पुतण्यानें तें भंगाराच्या दुकानांतून वजनावर आणलें होतें, आणि त्यापायीं तीन आठवडे घरांत तंटा माजला होता.

पुतण्याला त्या पिंपाची अंगणांतली चूल करावयाची होती. मधल्या सूनबाईंना न्हाणीसाठीं बंब हवा होता. थोरल्या बंधूंना तें मधोमध चिरून दोन कुंड्या कराव्या असें वाटत होतें. आणि आजीबाई, ज्यांच्या शब्दाखेरीज त्या घरांत नवा खिळाही ठोकला जात नाहीं, त्यांचें म्हणणें एकच होतें: "दारूचें भांडें माझ्या विहिरीच्या काठीं नको. आधीं तें कुंपणाबाहेर न्या, मग काय तें बोला." आम्ही ओटीवर टेकतों न टेकतों तोंच पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही मासिकांत असल्याच गोष्टींवर लिहितां ना? मग तुम्हीच निवाडा करा."

निवाडा करण्यापूर्वीं वस्तूची नीट ओळख करून घेणें बरें. पूर्वीं बिअर लांकडी पिंपांतून भरीत. आतां तीं पिंपें बहुधा न गंजणाऱ्या पोलादाचीं, म्हणजे आपण घरोघर ज्याला नुसतें 'स्टील' म्हणतों त्याचीं असतात. इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रेअरली यानें १९१३ सालीं क्रोमियम मिसळून असें पोलाद केलें; आजच्या चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्यें शेंकडा सुमारें १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असतें. पन्नास लिटरच्या रिकाम्या पिंपाचें वजन दहा ते तेरा किलो भरतें. राजोडीसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गांवीं या धातूची किंमत विशेष कळते. तेथें लोखंडाचा पत्रा पाहतां पाहतां चाळणीसारखा होतो. हें पिंप मात्र टिकतें. समुद्राच्या हवेनें त्यावरही तपकिरी डाग पडतात. पण अधूनमधून गोड्या पाण्यानें धुवून पुसलें, कीं ते जातात. कांहीं जुनीं पिंपें ॲल्युमिनियमचीं असतात. तीं हलकीं व मंद रंगाचीं असून त्यांना चिंच, आमसूल किंवा धुण्याचा सोडा सोसत नाहीं; म्हणून स्वयंपाकाच्या कामीं तीं घेऊं नयेत.

आणि पिंप ही वस्तु वसईकरांना परकी तरी कोठें आहे? १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. त्यांच्या 'पीपा' या शब्दापासूनच आपला 'पिंप' शब्द आला. बादली आणि घमेलें हे शब्दही त्याच भाषेंतले. सोवळ्यांतल्या स्वयंपाकाचें पाणी आपण बादलीनें भरतों, तेव्हां त्या शब्दाचें कूळ कोणी विचारीत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट सांगावयाची, ती धोक्याची. आम्ही जाण्याच्या आठ दिवस आधीं त्या घरांत एक प्रसंग घडला होता. मंडळी तो हंसत हंसत सांगत होती, पण ऐकतांना आमच्या अंगावर कांटा आला. पिंप रिकामें आहे असें समजून पुतण्यानें पडवींत बसून माथ्यावरच्या झडपेची कडी पेंचकसानें उचकटली. पिंपांतली बिअर बाहेर ढकलण्यासाठीं आंत कार्बन डायऑक्साइड वायु दाबून भरलेला असतो, आणि बिअर संपली तरी तो वायु कोंडलेलाच राहतो, हें त्याला ठाऊक नव्हतें. कडी सुटतांच झडपेखालची हातभर लांबीची पोलादी नळी बंदुकीच्या गोळीसारखी वर उडाली आणि पडवीचें कौल फोडून बाहेर गेली. पुतण्या त्याच क्षणीं दुसरें हत्यार घेण्यासाठीं बाजूस वळला होता, म्हणून वांचला. आजीबाई चार हातांवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांच्या सुपांत कौलाचे तुकडे पडले. त्यांचा पिंपावरचा राग केवळ सोंवळ्याओंवळ्याचा नव्हता, हें आम्हांस तेव्हां उमगलें. आपल्या नातवाचा जीव घेऊं पाहणारी वस्तु त्यांना घरांत नको होती.

म्हणून आमच्या वाचकांना आग्रहाचें सांगणें आहे, कीं असें पिंप घरांत आणलें तर त्याची झडप काढण्याचें काम स्वतः करूं नये. हें काम करणाऱ्या माहितगार कारागिराकडेच तें न्यावें. तो प्रथम मोकळ्या जागेंत, तोंड बाजूस ठेवून, झडप दाबून सगळा वायु सोडून देतो; सुसकारा पुरता थांबल्यावरच कडीला हात लावतो. हा वायु हवेहून जड असून बंद खोलींत जमिनीलगत सांचतो, म्हणून काम उघड्यावरच करावें. दुसरा नियम असा, कीं कोणतेंही बंद पिंप, मग तें कशाचेंही असो, तोंड मोकळें केल्यावांचून कापूं किंवा तापवूं नये. तेलाच्या अथवा रॉकेलच्या पिंपांत उरलेल्या वाफा ठिणगी पडतांच पेट घेतात. ज्यांत कीटकनाशकें किंवा कारखान्यांतलीं औषधें भरलेलीं होतीं, तीं पिंपें तर कितीही धुतलीं तरी अन्नपाण्याच्या कामास कायमचीं निषिद्ध समजावीं.

तिसरी गोष्ट मालकीची. बिअरचीं पिंपें बहुधा कारखान्याच्या मालकीचीं असतात. तीं भरून येतात, रिकामीं होऊन परत जातात. भंगारांत आलेलें प्रत्येक पिंप सरळ मार्गानें आलेलें असतेंच असें नाहीं. पोचा येऊन मोडीत काढलेलें असेल, विकणारा पावती देत असेल, तरच घ्यावें. पुतण्यानें पावती घेतली होती, तेवढें एक काम त्यानें शहाणपणानें केलें होतें.

इतकें झाल्यावर आम्ही आजीबाईंच्या आक्षेपाकडे वळलों. धर्मशास्त्राचा आधार दिला तर त्या ऐकतील, अशी आमची समजूत. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील, शिसें यांची शुद्धि क्षार, आम्ल आणि पाणी यांनीं यथायोग्य करावी, असें तेथें सांगितलें आहे. मद्याचा स्पर्श झालेलें मातीचें भांडें मात्र पुन्हां भाजलें तरी शुद्ध होत नाहीं, असेंही तेथेंच आहे. या भेदांत व्यवहाराचें मर्म आहे. माती सच्छिद्र असते, आंत गेलेलें पुन्हां बाहेर येत नाहीं. धातु कांहीं शोषून घेत नाहीं. आश्चर्य असें, कीं आजच्या कारखान्यांतही हीं पिंपें पुन्हां भरण्यापूर्वीं क्षारानें, आम्लानें आणि गरम पाण्यानें वा वाफेनेंच धुतात. आम्ही हें सारें मोठ्या उत्साहानें सांगितलें. आजीबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "भांडें शुद्ध होतें हें मला ठाऊक आहे. कल्हईवाल्याकडून आलेलीं भांडीं मीही चिंचेनें आणि राखेनें घांसलेलीं आहेत. मनाला नको वाटतें त्याचें काय?"

मग आम्हीं वसईचाच दाखला काढला. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या फौजेनें वसईचा किल्ला घेतला. तेथील ख्रिस्ती देवळांतल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनीं आणल्या आणि पुढें त्या हिंदु देवस्थानांत टांगल्या गेल्या. भीमाशंकराच्या देवळापुढें त्यांपैकीं एक आहे. दुसरी वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांच्या वाड्यामागें कृष्णेच्या घाटावर आहे. त्या घंटांवर बाळ येशूला घेतलेल्या मरियमेची आकृति आहे, आणि पिढ्यान् पिढ्या भाविक लोक त्या वाजवून शंकराचें दर्शन घेत आले आहेत. आजीबाई स्वतः भीमाशंकरास जाऊन आलेल्या. आम्ही म्हणालों, "आजी, ती घंटा चालली, तर हें पिंप कां चालूं नये?"

त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "घंटा देवाची होती, ती देवाकडेच गेली. हें पिंप कोणाकडे होतें?"

आम्ही निरुत्तर झालों. शिवाय आमच्या दाखल्यांत आणखी एक उणें होतें, तें आम्हांस मागाहून जाणवलें. त्या घंटा लढाईंत आल्या. ज्यांच्या देवळांतून त्या गेल्या, त्यांना त्याचें दुःख झालेंच असेल. वसईच्या पट्ट्यांत आज हिंदु आणि ख्रिस्ती घरें एकमेकांच्या वाडीला लागून आहेत, एकमेकांच्या लग्नकार्यांत राबतात. तेव्हां त्या घंटांचा दाखला फुशारकीनें देण्याजोगा नव्हे. धातूला धर्म नसतो एवढेंच त्यांवरून घ्यावें.

वाद तसाच राहिला, म्हणून आम्ही उपयोगांच्या विचाराकडे वळलों. ज्या घरांत आक्षेप नसेल तेथें पुढील गोष्टी कराव्या.

सूनबाईंचा बंब सर्वांत उपयुक्त खरा. चाळीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर नेण्यास आठशें किलोकॅलरी उष्णता लागते. किलोभर करवंट्यांत याच्या पांच-साडेपांच पट उष्णता असते. म्हणून चार हिस्से वाया गेले तरी तेवढ्यांत चार माणसांचें स्नान होतें, आणि नारळीच्या वाडीच्या घरीं करवंट्या, सोडणें नि झावळ्या यांना तोटा नाहीं. आपल्या तांब्याच्या बंबांत मधून धुराची नळी जाते आणि पाण्याचें तोंड वर उघडें असतें. पिंपाचा बंब करतांना हें उघडें तोंड कधींही बंद करूं नये. वाफेला वाट नसलेला बंब म्हणजे घरांत ठेवलेला तोफगोळाच. तोटी तळापासून चार बोटें वर बसवावी, म्हणजे गाळ खालीं राहील आणि बंब अजीबात कोरडा पडणार नाहीं.

थोरल्या बंधूंच्या कुंड्याही वाईट नाहींत. पिंपाचे दोन भाग करून तळाला पांच-सहा भोकें पाडावीं. धातु उन्हांत फार तापतो आणि मुळें भाजतात. यासाठीं आंतून सर्व बाजूंनीं नारळाच्या काथ्याचा बोटभर जाड थर द्यावा. कढीलिंब, आलें, पुदिना, गवती चहा अशा कुंडींत चांगले येतात. कापलेली कड कानशीनें घांसून बोथट केल्यावांचून मुलांच्या हातीं देऊं नये.

मोठ्या कुटुंबांत गौरीगणपतीला पन्नास लिटरचें भांडें भाड्यानें आणावें लागतें. माथा कापलेलें पिंप तें काम करील, पण सगळें नाहीं. स्टीलमधून उष्णता सारखी पसरत नाहीं, त्यामुळें खीर, बासुंदी किंवा दाट आमटी तळाशीं लागते. पाणी उकळणें, मोदक उकडणें, शेंगा नि कणसें शिजवणें, यांस तें उत्तम. पुतण्याची चूलही होईल. खालीं हवेला दार, मध्यें जाळी आणि जाळीवर लांकडें, म्हणजे धूर कमी व आंच अधिक. मात्र जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंडी पिंप चुलीस घेऊं नये. जस्त तापून निघणारा धूर विषारी असतो.

कापून उरलेली माथ्याची चकती देखील टाकूं नये. आपल्याकडे कित्येक शाळांतून रुळाचा तुकडा टांगून तास वाजवीत. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर तर गरीब वस्तींतल्या मुलांनीं १९४० च्या सुमारास तेलाचीं टाकाऊ पिंपें ठोकून ठोकून त्यांतून सप्तसूर काढले. तें वाद्य आज त्या देशाचें राष्ट्रीय वाद्य आहे. चौदा माणसांना जेवायला हांक मारण्यापुरता नाद आपल्याही चकतींतून निघेल.

हें सर्व बोलणें आजीबाई ऐकत होत्या. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं विहिरीचा विषय काढला. त्यांच्या लग्नांत त्या विहिरीचें पाणी नारळाच्या पाण्यासारखें होतें. आतां उन्हाळ्यांत तें मचूळ लागतें. समुद्रकांठच्या जमिनींत गोडें पाणी हलकें म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. तें उपसलें जाईल तितकें खालचें खारें पाणी वर चढतें. वसईच्या पट्ट्यांत घरें वाढलीं, विहिरींचा उपसा वाढला, टँकर भरूं लागले, आणि किनाऱ्याकांठच्या कित्येक विहिरींचें असेंच झालें. घरांत आतां पिण्यास नळाचें पाणी आहे. परंतु समुद्रावर येणारीं माणसें, मासळी विकून परतणाऱ्या बायका, उन्हांतून शाळेंतून येणारीं मुलें त्यांच्या फाटकाशीं थांबून पाणी मागतात. पूर्वीं चैत्रांत त्या घरापुढें दोन रांजणांची पाणपोई असे. रांजण फुटले, सासरे गेले, आणि पाणपोई बंद पडली. बाटलींतलें पाणी विकत घेणाऱ्याला अडत नाहीं. ज्याच्याजवळ पैसे नाहींत तो मुकाट्यानें पुढें जातो, हें आजीबाई ओटीवरून रोज पाहत होत्या.

"तें पिंप घरांत नको," त्या सांवकाश म्हणाल्या. "पण फाटकाशीं ठेवा. आजवर त्याच्या तोटींतून लोकांना दारू मिळाली ना? आतां पाणी मिळूं दे. त्याला माझी ना नाहीं. मात्र मी माझ्या तांब्यांतलेंच पाणी पिणार, हें आधींच सांगून ठेवतें."

"चालेल, आजी," पुतण्या म्हणाला. एरव्हीं प्रत्येक गोष्टीला उत्तर असणारा तो मुलगा त्या रात्रीं याहून जास्त बोलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पिंप एका कारागिराकडे गेलें. माथा कापून, कड बोथट करून, बेतशीर झाकण आणि खालीं रबरी चकती घालून पक्की बसवलेली तोटी, असें तें चार दिवसांनीं परत आलें. पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला शिशाची डाक लावूं नये, हें कारागिराला बजावून सांगितलें होतें. सूनबाईंनीं तें सोड्यानें, चिंचेनें आणि उकळत्या पाण्यानें तीन वेळां धुतलें; शास्त्रही राहिलें आणि व्यवहारही. सावलींत, हातभर उंच चौथऱ्यावर तें ठेवलें असून भोंवतीं गोणपाट गुंडाळून तें ओलें ठेवतात. किनाऱ्याच्या दमट हवेंत माठाइतकें पाणी गार होत नाहीं, पण उन्हांतून आलेल्याला तें पुरेसें गार लागतें. रोज संध्याकाळीं उरलेलें पाणी झाडांना घालून पिंप कोरडें करणें हें पुतण्याचें काम ठरलें आहे. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला आजीबाईंना खपत नाहीं.

आमच्या निवाड्याचें कांहीं झालें नाहीं. आम्ही धातूची शुद्धि सिद्ध करीत बसलों आणि आजीबाईंनीं त्याचें काम ठरवून टाकलें. घरांतील जुन्या वस्तूविषयीं तंटा पडला, तर 'हिचें काय बनेल' याबरोबर 'ती कोणाच्या उपयोगी पडेल' हेंही विचारून पाहावें, आणि तें घरांतल्या सर्वांत वडील माणसाला विचारावें, असें आम्हांस वाटतें. चैत्र जवळ येत आहे. ज्यांच्या फाटकापुढून वाटसरू जातात, त्या आमच्या वाचकांनीं माळ्यावर, परसांत, गोठ्यांत एकवार नजर टाकावी. एखादें मोठें, निर्धोक, धुतां येण्याजोगें भांडें तेथें पडलेलें असेल. तें काढून पाणपोई घातली, तर आम्हांस अवश्य कळवावें.